नांदीवरून उठले ती सकाळ

आमच्या घरात कुणीतरी विभूती चोरून खात होतं. हे पहिल्यांदा ध्यानात आलं अप्पांच्या. रोज सकाळी विहिरीवर आंघोळ करून ते ओलेत्यानंच देवापुढं उभे राहत, कपाळावर तीन पट्टे ओढत आणि मगच कॉफीला हात लावत. सोमवारी भरलेला लाकडी डबा गुरुवारी तळ दाखवायला लागला, तेव्हा त्यांनी आधी उंदरांवर आळ घेतला. "उंदरांस भक्ती सुटली की का?" असं म्हणून दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी पिंजरा लावला. पिंजऱ्यात उंदीर काही सापडला नाही. मला मात्र अम्मा सापडली. भर दुपारी, देवाच्या कोनाड्यापाशी पाठमोरी उभी, विभूतीची चिमूट तोंडात. मला बघून तिनं घाईघाईनं पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, "अप्पांस सांगूं नको."

तमिळ मुलखातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात उलगडा केला असता, की हे राखेचे डोहाळे. पण तेव्हा माझं वय एकवीस आणि अम्माचं त्रेचाळीस. शिवाय माझं लग्न ठरलेलं. ज्या घरात मुलीच्या लग्नाचे पापड लाटले जात होते, त्या घरात तिच्या आईच्या डोहाळ्यांचा विचार मनात यायचं काही कारणच नव्हतं. मला वाटलं, पोट दुखत असेल, देवाचा अंगारा खाते बिचारी.

आम्ही मद्रासला वेस्ट मांबळमला राहायचो. एका विहिरीभोवती पाच बिऱ्हाडं, त्यातलं आमचं शेवटचं. सकाळ व्हायची ती रहाटाच्या कुरकुरीनं, मग अलमेलूमामीच्या स्टोव्हचा फरफराट, मग अम्मानं कॉफीच्या फिल्टरच्या टोपणावर मारलेल्या तीन टिचक्या. डिकॉक्शन खाली उतरायला टिचक्यांची काही गरज नसते, हे मी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं. अप्पा बंदराच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आम्ही तंजावरकडचे. आमचे पूर्वज तिकडे कधी गेले, कुणाबरोबर गेले, हे सांगत बसत नाही; जाताना जे मराठी नेलं ते त्यांनी तसंच जपलं, आणि वर त्याला तमिळचा हेल चढवला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पुढं वीस वर्षं मी नागपूरला शाळेत शिकवलं, तिथं हे पुस्तकी मराठी माझ्या अंगवळणी पडलं. पण घरची माणसं आठवतात तेव्हा ती त्यांच्याच बोलीत बोलतात, तिथं माझं काही चालत नाही.

माझं लग्न ठरलं होतं कुंभकोणमच्या एका घरात, आमच्यातल्याच. मुलाचं नाव रघू. त्याचं ट्रेनिंग आनी या तमिळ महिन्यात, म्हणजे जून-जुलैत, संपायचं होतं आणि लगेच नागपूरला नोकरीवर हजर व्हायचं होतं. आनी संपली की आडी लागते, आणि आडीत आमच्याकडे लग्नं होत नाहीत. म्हणून आनीच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त धरला. निश्चयाच्या दिवशी रघूची आई, कावेरीबाई, माझ्याकडे पाच मिनिटं नीट पाहून म्हणाल्या, "पोर बरी आहे. केंस लांब आहेत. पण पाठीवर भाऊ नाही. होमांत लाह्या कोण घालणार?" आमच्या लग्नात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात तिच्या भावानं. अप्पा म्हणाले, माझ्या चुलतभावाचा मुलगा आहे, तो घालील. "म्हणजे उसना भाऊ," कावेरीबाई म्हणाल्या, आणि पान तोंडात टाकलं. त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. त्यांची बोलायची तऱ्हाच तशी, तांदळातला खडा काढून बाजूला ठेवावा तशी. पण अम्माचा चेहरा उतरला. माझ्यानंतर तिला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही राहिली नव्हती. पाहुणे गेल्यावर ती बराच वेळ रिकामी ताटं घासत बसली. आता हिशेब केला की माझं मलाच हसू येतं, कारण त्या क्षणी माझा भाऊ तीन महिन्यांचा होता आणि तिथंच बसून सगळं ऐकत होता.

अम्माची पाळी चुकली तेव्हा तिनं समजून घेतलं की आता ती कायमची गेली, वयच ते. पोट वाढलं तेव्हा म्हणाली, वायु. हिंग घालून ताक प्यायली, ओव्याचा काढा प्यायली, फणस वर्ज्य केला. एक दिवस गच्चीवर आम्ही लग्नाचे वडाम, म्हणजे तिकडच्या कुरडया, वाळत घालत होतो. कावळे बुजावेत म्हणून मधोमध काळी छत्री उघडून ठेवलेली. शेजारची अलमेलूमामी मदतीला होती. पाच बाळंतपणं झालेली बाई. तिनं वाकलेल्या अम्माकडे बाजूनं पाहिलं, हातातलं पीठ टाकलं, जवळ आली आणि सरळ तिच्या पोटावर तळवा ठेवला. मग तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "अंबूच्या आई, हा वायु लाथ मारतोय." अम्मा छत्रीखाली बसली. कावळ्यांनी वडामांची एक ओळ फस्त केली तरी कुणी हललं नाही.

लेडी डॉक्टरनं पाचवा संपत आला म्हणून सांगितलं. तपासायला अम्माबरोबर मीच गेले होते. डॉक्टरनं रक्तदाब दोनदा मोजला आणि अम्माला बाहेर बसवून मला म्हणाली, "हे विशीतलं बाळंतपण नाही. कळा येवोत न येवोत, पाणी गेलं की त्या क्षणी निघायचं. आंघोळ नाही, कॉफी नाही, काही नाही. समजलं?" मी मान डोलावली. मला समजलं होतं ते निराळंच. मला समजलं होतं, की माझ्या लग्नाच्या मांडवात माझी आई आठव्या-नवव्या महिन्याचं पोट घेऊन फिरणार आणि सगळं कुंभकोणम तिच्याकडे बघणार.

मी फार वाईट वागले. हे लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली ती त्याचसाठी. मी अम्माशी बोलणं कमी केलं. टायपिंगच्या क्लासात मैत्रिणींनी विचारलं तर विषय बदलला. अप्पांकडे तर बघवेना. तेही बिचारे माझ्यासमोर पेपर उघडून त्यामागं बसत, कधीकधी उलटा धरून. अम्मा मात्र कामाला जुंपलेली. कडबोळ्यांची भाजणी, मुरुक्कूच्या चकल्यांचं पीठ, लाडवांचा पाक, सगळं तिच्याच हातचं व्हायला हवं होतं. पाय सुजायचे, ते ती पालथ्या घागरीवर टेकवून बसायची आणि नारळ खवायची. एका संध्याकाळी फोटोग्राफर ठरवायची गोष्ट निघाली. मी म्हटलं, "अम्मा, फोटोच्या वेळीं तूं मागें उभी राहा. अप्पांच्या आड." तिचा हात खवणीवर क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "सरी," आणि पुन्हा खवायला लागली. तमिळमधल्या त्या 'सरी'चा अर्थ 'बरं' एवढाच. पण तिचा तो 'सरी' मला अजून ऐकू येतो.

कुंभकोणमला कळवणं भाग होतं. अप्पांनी चार मसुदे फाडून पाचवं पत्र टाकलं. उत्तरादाखल कावेरीबाईंचं पोस्टकार्ड आलं: 'कळलें. प्रकृतीस जपावें.' एवढंच. ते कार्ड अप्पांनी उजेडात धरून पाहिलं, मागून-पुढून वाचलं, आणि शेवटी किट्टूकाकांना दाखवलं. किट्टूकाका म्हणजे अप्पांचे थोरले चुलतभाऊ. ते भिक्षुकी करत, पलीकडच्या गल्लीत राहत, आणि तपकिरीनं त्यांचं उपरणं कायम डागाळलेलं असे. त्यांना पोस्टकार्डाची काळजी नव्हती, सोयराची होती. "मूल लग्नाआधीं जालें तर? दहा दिवस सोयर. कार्य होत नाही. पुढें आडी. पोराची नोकरी नागपुरांत. आणि ती बाई आधींच भाऊ नाही म्हणून कुरकुरते." अप्पांनी पोस्टकार्ड परत खिशात घातलं. अम्मा दाराआड उभी राहून ऐकत होती.

दोन दिवसांनी किट्टूकाका पोथी बगलेत मारून आले ते हसतच. त्यांना पळवाट सापडली होती. लग्नाआधी पितरांना आवाहन करून कार्याचा आरंभ करतात ती नांदी. एकदा ती झाली, की मग त्या कार्याला सोयर नाही आणि सुतक नाही. आणि ही नांदी लग्नाचा दिवस धरून आधी दहा दिवसांपर्यंत करता येते असं ग्रंथात आहे. "दहाव्या दिवशीं उरकून टाकूं. मग मांडवांत मूल जालें तरी लग्न अडत नाही!" ते चिमूटभर तपकीर ओढून म्हणाले. मग जरा थांबून अम्माकडे बघून बोलले, "मात्र बाळंतीण कन्यादानास बसणार नाही. तूं बाळंत जालीस तर मी आणि माझी बायको बसूं." डॉक्टरनं दिलेली तारीख लग्नानंतरची होती, पण अम्माला महिनेच नीट आठवत नव्हते, तेव्हा त्या तारखेवर कुणाचा भरवसा नव्हता. माझ्या हातांवर पाणी सोडायची तिला किती हौस होती ते मला ठाऊक होतं. त्यासाठी तिनं पितळेची झारी चिंचेनं घासून वर्षभर आधीच कपाटात गुंडाळून ठेवली होती. ती म्हणाली, "नाही बसलें तर नाही. तिचें अडूं नये."

नांदीच्या दिवशी सकाळी सात वाजताच उकाडा मी म्हणत होता. मला तेल-हळद लावून न्हाऊ घातलं, वेणीभर मोगरा माळला, मोरपंखी रेशमी साडी नेसवली. समोर केळीच्या पानांवर तांदळाचे ढीग, नारळ, विड्याची पानं. पाटांवर अप्पा, त्यांच्या उजव्या हाताला अम्मा, तिच्या शेजारी मी. किट्टूकाका समोर. अम्माच्या हातात दर्भाची काडी होती. नवरा कर्म करताना बायकोनं त्या काडीनं त्याच्या कोपराला स्पर्श करून राहायचं असतं. संकल्प झाला, किट्टूकाकांचा आवाज लागला. मी त्या काडीकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं. आणि मला दिसलं, की काडीचं टोक थरथरतंय. थांबतंय, परत थरथरतंय. मी खाली पाहिलं. अम्माच्या पायांची बोटं आत वळली होती आणि डाव्या हातानं तिनं पाटाची कड अशी धरली होती, की नखं पांढरी पडली होती.

मग तिच्या हाताचा धक्का लागून पंचपात्री कलंडली. पाणी पाटावर, साडीवर, सगळीकडे. किट्टूकाका मंत्रातच "च्च्" असं म्हणाले. आता, अम्मानं आयुष्यात कधी पाणी सांडलं नव्हतं. मद्रासच्या उन्हाळ्यात अर्ध्या बादलीत घर चालवलेली बाई ती; घागरीच्या काठावरचा थेंबसुद्धा बोटानं आत ढकलायची. मी फडकं घेऊन पुसायला वाकले. पंचपात्रीत ते मावणार किती, चार पळ्या. पुसतेय तर फडकं भिजून पिळायची वेळ आली. आणि विहिरीचं पाणी गार असतं. हे कोमट होतं.

मी तशीच वाकलेल्या स्थितीत तिच्या कानाशी म्हणाले, "अम्मा, पाणी गेलें."

"पंचपात्री कलंडली," ती ओठ न हलवता म्हणाली.

"अम्मा!"

"बस. अर्धा तास. नांदी होऊं दे, मग जाऊं." तिच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. मला बघून ती हसायचा प्रयत्न करत होती. तिनं ते भांडं मुद्दाम कलंडवलं होतं.

मी खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मी एकदा किट्टूकाकांच्या पोथीकडे पाहिलं, किती पानं राहिली म्हणून. अर्धा तासच. अर्धा तास बसले असते तर लग्न ठरल्या दिवशी लागलं असतं, आणि उठले तर काय होईल ते मी नीट जाणून होते. सोयर, आडी, नागपूर, ते तीन शब्दांचं पोस्टकार्ड. नांदीवरून उठलेल्या मुलीला कुठली सासू घरात घेते? लग्न मोडलं असतं, आणि मांबळमच्या आमच्या त्या गल्लीत मोडलेलं लग्न म्हणजे जन्माची गोष्ट होती. रघूला मी दोनदाच पाहिलं होतं आणि तो मला फार आवडला होता. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. मग डॉक्टरचा आवाज आला, आंघोळ नाही, कॉफी नाही, काही नाही. आणि त्या आवाजामागून माझाच आवाज, मागें उभी राहा.

मी उठले.

"अंबू, बस!" किट्टूकाकांचा हात हवेतच राहिला. "संकल्प जाला आहे! नांदीवरून उठूं नये!"

"काका, थांबवा. अम्मास न्यायला पाहिजे. आत्तां."

"काही नाही, काही नाही," अम्मा म्हणाली, आणि मग एक कळ अशी आली की तिला बोलताच येईना. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर किट्टूकाकांच्या शब्दाबाहेर न गेलेला तो माणूस. त्यांनी बोटातलं दर्भाचं पवित्र काढलं, ताटात ठेवलं आणि पंच्यानिशी रिक्षा आणायला बाहेर धावले.

सायकलरिक्षा मिळाली. तिच्यात दोघंच मावतात, म्हणून अप्पा मागून पायी आणि मी अम्मापाशी. डॉक्टरचं नर्सिंग होम रुळांच्या पलीकडे. रुळांखालचा बोगदा उतरताना रिक्षा आपसूक पळाली. चढाला मात्र रिक्षावाला उतरून ओढायला लागला, तरी चढेना. मग मीही उतरले, साडी खोचली आणि मागून ढकलायला लागले. मोरपंखी रेशीम, कपाळाला हळद, वेणीतला मोगरा गळतोय. बोगद्यातली माणसं बाजूला सरून बघत होती. ज्या बघण्याला मी चार महिने भ्याले होते, ते त्या दिवशी पोटभर वाट्याला आलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वर आल्यावर पुन्हा चढून बसले, तर अम्मा दोन कळांच्या मध्ये म्हणते, "तूं उठायचें नव्हतेंस, अंबू. पांच मिनिटांचें काम होतें." मला रडू फुटलं. रडता रडता मी काय म्हणावं? "अम्मा, फोटोंत तूं पुढें उभी राहा." तिनं माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "अग, आधीं हें होऊं दे."

नर्सिंग होमच्या दारातल्या नर्सनं आम्हां दोघींकडे पाहून तमिळमध्ये विचारलं, "लग्न कुणाचं आणि बाळंतपण कुणाचं?" उत्तर द्यायला मी थांबले नाही.

मूल झालं तासाभरानं. मुलगा. आधी रडला नाही. दाराबाहेर मी आणि अप्पा उभे होतो आणि आतून काहीच येत नव्हतं, फक्त भांड्यांचा आवाज. अप्पा भिंतीला हात लावून उभे होते. मग एक किरकिर ऐकू आली, आमच्या रहाटासारखी, आणि अप्पा तिथंच खाली बसले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आली, माझ्या साडीकडे बघून तिनं भुवया उंचावल्या. म्हणाली, "अजून अर्धा तास घरी बसला असता, तर दोघांतलं एकच मी तुमच्या हाती दिलं असतं." तो अर्धा तास कुठून आला होता ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नाही, अम्मालाही कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

सोयर लागलं, ते थेट मुहूर्ताच्या दिवसापर्यंत. अप्पांनी कुंभकोणमला तार केली. उत्तर नाही. रघूची नागपूरची गाडी गेली असणार, एवढं आम्ही दिवस मोजून ताडलं. मांडवासाठी सांगितलेल्या केळीच्या खुंटांना नको म्हणून निरोप गेला, मुरुक्कूचे डबे माळ्यावर चढले. अम्माची आई केव्हाच गेली होती, म्हणून अम्माचं बाळंतपण मीच केलं. रोज तिला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मिऱ्यांचं सार करायचं, लसूण तुपात परतायची, सकाळी सुंठीच्या लेह्याची गोळी तिच्या तळव्यावर ठेवायची. ती मुकाट्यानं खायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "उठायचें नव्हतेंस." चार महिने मी तिच्याशी नीट बोलले नव्हते, आता ती माझ्याशी बोलेना. फिट्टंफाट झाली. बाळाला मात्र आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या तावडीत जे सापडेल ते तो मुठीत धरायचा आणि सोडायचा नाही. अम्माचं मंगळसूत्र, माझी वेणी, अप्पांचं जानवं. एकदा अप्पा ऑफिसला निघायचे तर पंधरा मिनिटं जानव्यासकट अडकून बसले होते.

बाराव्या दिवशी बारसं होतं. अलमेलूमामी पाळण्याला फुलं बांधत होती. आणि दारात कावेरीबाई. कुंभकोणमहून पहाटेच्या गाडीनं उतरलेल्या, मागं त्यांचे यजमान एक करंडी घेऊन. किट्टूकाका उपरणं सावरत स्वयंपाकघरात गेले ते आलेच नाहीत. कावेरीबाई हातपाय धुऊन आल्या, पाळण्यापाशी बसल्या, दुपटं उलगडून बाळ पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. अम्मा उठून हात जोडून उभी राहिली. म्हणाली, "माझ्या पोरीचा दोष नाही. मी सांगत होतें बस म्हणून. तिनें ऐकलें नाही."

"ऐकायचें नव्हतेंच," कावेरीबाई म्हणाल्या. "तारेंत तुमच्या यजमानांनीं सगळें लिहिलें. बारा शब्दांत बसवायचें सोडून पान भरून तार केली. पोस्टमास्तर वाचून दाखवतां दाखवतां थकला." मग त्यांनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं, त्यानं ते धरलं, त्यांनी ओढून पाहिलं. सुटेना. "आवळून धरतो. बरें आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "रघू नागपुरास गेला. आवणींत सुट्टी मागून येतो म्हणाला. तोंवर ह्याची मान धरेल?"

"कशास?" अप्पांनी विचारलं.

"लाह्या घालायास," कावेरीबाई म्हणाल्या. "घरचा असतां उसना भाऊ कशास पाहिजे?"

अम्मा तिथंच पाळण्याच्या दोरीला धरून रडायला लागली. मग करंडी उघडली, तीत केळी होती, सुंठ होती आणि अंगडं-टोपडं होतं. त्या दिवशी दुपारी पानं वाढताना अम्मानं मला हाक मारून विचारलं, "अंबू, तूप कोठें ठेवलेंस?" एवढंच. पण बारा दिवसांत ती आपणहून बोललेलं ते पहिलं साधं वाक्य होतं.

आडी सरून आवणी लागली, तेव्हा लग्न लागलं. नांदी पुन्हा झाली, पहिल्यापासून, आणि किट्टूकाकांनी पंचपात्री स्वतःच्या मांडीशी ठेवली. कन्यादानाला अम्मा बसली. ती घासून ठेवलेली झारी कपाटातून निघाली आणि तिनं माझ्या हातांवर पाणी सोडलं. एक थेंब इकडेतिकडे नाही. मग लाजाहोम. मी अग्नीपुढं ओंजळ धरून उभी, रघूनं तिच्यात तूप लावलं. अम्मा बाळाला घेऊन आली. मुकुंद त्याचं नाव, दोन महिन्यांचा, जरीची टोपी एका डोळ्यावर आलेली. किट्टूकाकांनी त्याच्या मुठीत चार लाह्या कोंबल्या आणि मूठ माझ्या ओंजळीवर आणली. आता उघडायची. पण तो उघडेचना! काकांनी मनगट हलवलं, अलमेलूमामीनं गुदगुल्या केल्या, कावेरीबाई मागून म्हणाल्या, "मीं म्हटलें नव्हतें, आवळून धरतो!" सगळा मांडव हसतोय, अग्नी वाट बघतोय. शेवटी मी माझी डावी करंगळी त्याच्या मुठीला लावली. तिला धरायचं म्हणून त्यानं मूठ उघडली, लाह्या माझ्या ओंजळीत पडल्या, आणि करंगळी धरली.

ती त्यानं सोडली नाही. लाह्या अग्नीत गेल्या, रघूनं माझा उजवा हात धरून प्रदक्षिणेला पाऊल उचललं, तरी डावी करंगळी त्याच्या मुठीतच. अम्मानं सोडवायला हात घातला, तसं त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. "असूं दे," मी म्हटलं. "चल तूंही." मग रघू पुढं, त्याच्यामागं मी, आणि मला लागून बाहेरच्या अंगानं बाळ घेतलेली अम्मा, असे आम्ही चौघं अग्नीभोवती फिरलो. किट्टूकाकांनी याला ग्रंथात आधार शोधला नाही.

मुकुंद आता मद्रासजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात मोठा साहेब आहे आणि अड्यारला राहतो. मी माहेरी गेले की मला आई म्हणायचं की अक्का, यावर लहानपणी त्याचा गोंधळ उडायचा. शेवटी अक्का म्हणतो आणि आईसारखं घाबरतो. अम्माला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या वाढदिवसाला मी तिथं असले की पायस वाढताना ती न चुकता म्हणायची, "नांदीवरून उठली ही पोरगी," आणि माझ्या वाटीत काजू जास्त घालायची. त्या प्रदक्षिणेचा फोटो मुकुंदानं मोठा करून आपल्या बैठकीत लावलाय. नवे पाहुणे आले की त्यांना तो कळत नाही. नवरी कोणती, असं विचारतात. त्यांची चूक नाही. फोटोग्राफर बाहेरच्या बाजूला उभा होता. अम्मा सगळ्यांच्या पुढं आली आहे, आणि तिच्याआड मी अर्धीच दिसते.